सड्यावरून १२० मीटर म्हणजे नक्की किती? (ड्रोन, हेलिकॉप्टर आणि माझी टरकलेली)

सड्यावरचा
मंडळी, बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो, लाज वाटत होती म्हणून राहिलं. मी राजापूर तालुक्यातला, होमस्टेवाल्यांचे आणि लग्नाचे ड्रोन शूट करतो. आधीच सांगतो, रिमोट पायलटचं सर्टिफिकेट आहे, इन्शुरन्स आहे, म्हणजे 'लायसन आहे का रे' हा पहिला प्रतिसाद नको.

गेल्या महिन्यात एका होमस्टेचं काम होतं. आमच्याकडचा सडा तुम्हाला माहितीये, सपाट कातळ चालत जातो आणि एकदम संपतो, खाली सरळ समुद्र. उडवायच्या आधी सरकारचा ड्रोन-झोनचा मॅप बघितला, हिरवा, म्हणजे परवानगी न काढता उडवायची जागा. सड्याच्या टोकावरून उडवला, ९५ मीटर वर घेतला, पाचेकशे मीटर समुद्रात नेला आणि कॅमेरा थोडा खाली करून लाटांचा शॉट घेत होतो. वारा होता म्हणून आवाज उशिरा आला. धडधड ऐकू आली तेव्हा मी मान वर करून आकाशात शोधतोय, आणि होमस्टेवाल्याचा मुलगा माझ्या स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणतो, दादा हे काय. स्क्रीनवर निळं पाणी आणि त्यावरून एक राखाडी चकती सरकत चाललेली. हेलिकॉप्टरचा पंखा. वरून दिसणारा.

म्हणजे हेलिकॉप्टर माझ्या ड्रोनच्या खालून गेलं! अगदी खालून नाही, बाजूला असेल शंभर-दीडशे मीटर, पण खालून. हात एवढे थरथरत होते की स्टिक सोडूनच दिल्या, ड्रोन आपला तिथेच तरंगत राहिला. तेच बरं झालं, कारण क्लासमध्ये शिकवलेलं 'विमान दिसलं की खाली घ्या' हे केलं असतं तर मी थेट त्याच्याच उंचीला उतरवला असता.

घरी येऊन कागदावर हिशोब मांडला. सडा समुद्रापासून साधारण ८० मीटर, वर ९५, झाले १७५ मीटर. म्हणजे ५७० फुटांच्या वर. हिरव्या झोनमध्ये मर्यादा ४०० फूट म्हणजे १२० मीटर, ती खालच्या जमिनीपासून नाहीतर पाण्यापासून, मी कुठे उभा आहे त्यापासून नाही. माझ्या स्क्रीनवर शेवटपर्यंत ९५ होतं. मॅप हिरवा, आकडा ९५, आणि मी पिवळ्या झोनमध्ये, जिथे एटीसीची (विमान वाहतूक नियंत्रणाची) परवानगी लागते. हे अजून कोणाचं झालंय का?

बेरकी बगळा
आधी आंघोळ करून देवाला नारळ दे. मग बाकीचं बोलू.

पण प्रामाणिकपणे लिहिलंस त्याबद्दल मानलं. इथे दर पंधरा दिवसांनी कोणीतरी सड्यावरून सनसेटचा व्हिडिओ टाकतो आणि खाली सगळे 'अप्रतिम दादा' लिहितात, त्यातले किती जण ४०० फुटांच्या वर होते देव जाणे.

टॉवरआजोबा
मी निवृत्त, आयुष्य विमानतळाच्या कंट्रोल टॉवरमध्ये गेलं (कोकणात नाही, पण विमानं सगळीकडे सारखीच). सड्यावरचा, तुझा हिशोब बरोबर आहे आणि हेलिकॉप्टरवाल्याचीही त्यात काही चूक दिसत नाही. डोळ्यांनी बघून उडणाऱ्या विमानांना गावाशहरावरून जाताना ६०० मीटरच्या परिघातल्या सर्वात उंच वस्तूच्या १००० फूट वर राहायचं असतं, आणि मोकळ्या जमिनीवर किंवा पाण्यावर ५०० फूट. उतरताना-चढताना सोडून. ५०० फूट म्हणजे १५२ मीटर. तो समुद्रावरून १५२ ला चालला होता असं धर, तू १७५ ला. बरोबर तू म्हणतोस तसं, तो खाली आणि तू वर.

ड्रोन ४०० च्या खाली, विमान ५०० च्या वर, मध्ये १०० फुटांची फट. कागदावर सगळी व्यवस्था या फटीवर उभी आहे. आणि शोध-बचावाचं हेलिकॉप्टर तर माणूस उचलायला पाण्यालगत येतं, तेव्हा ती फटही राहत नाही.

आता खरी गंमत सांगतो. दोघांचं शून्यच वेगळं आहे रे. तुझा ड्रोन हवेचा दाब मोजून उंची काढतो आणि जिथून उडाला ती जागा शून्य धरतो. विमानही दाबच मोजतं, पण त्याचा अल्टिमीटर समुद्रसपाटीच्या त्या दिवशीच्या दाबावर लावलेला असतो, जो टॉवर त्याला सांगतो. एक हेक्टोपास्कल (दाबाचं माप) चुकला की साधारण २७ ते ३० फूट चुकतात. म्हणजे सकाळचा आकडा संध्याकाळी तसाच ठेवला आणि दाब तीनने उतरलेला असला तर ती १०० फुटांची फट जवळपास संपलीच. जीपीएसचं तर बोलूच नको, त्याचा कच्चा आकडा पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेला असतो आणि आपल्या किनाऱ्यावर तो समुद्रसपाटीला उणे साठ मीटरच्याही खाली दाखवतो. उपकरण ते दुरुस्त करून दाखवतं म्हणून आपल्याला कळत नाही इतकंच. तिघं एकाच हवेत, तिघांच्या मोजपट्ट्या तीन.

कोडिंगवाला चाकरमानी
आजोबा जबरी. यालाच युरोपात 'कॉमन अल्टिट्यूड रेफरन्स'ची डोकेदुखी म्हणतात, तिथल्या यू-स्पेसच्या चर्चांमध्ये हा विषय कायम असतो. यू-स्पेसचे नियम जानेवारी २०२३ पासून लागू झालेत, ड्रोनसाठी ठरवून दिलेल्या भागात प्रत्येकाने आपली ओळख आणि जागा सतत कळवायची, उडायच्या आधी मार्ग मंजूर करून घ्यायचा, आणि आजूबाजूला कोण आहे ते सिस्टीमने सांगायचं.

आपल्याकडेही ऑक्टोबर २०२१ मध्ये ड्रोनच्या ट्रॅफिक मॅनेजमेंटचं धोरण आलंय, यूटीएम. १००० फुटांच्या खालच्या हवेसाठी. एटीसीचा माणूस प्रत्येक ड्रोनशी रेडिओवर बोलू शकत नाही, म्हणून हे काम सॉफ्टवेअरने, खाजगी सर्व्हिस प्रोव्हायडरने करायचं अशी कल्पना. नासाने २०१५ च्या सुमारास हेच डोक्यात घेऊन प्रयोग सुरू केले होते.

हापूसवाली
सॉफ्टवेअर वगैरे ठीक आहे हो, पण माझा अनुभव ऐका. आमची देवगड बाजूला बाग, गेली दोन वर्षं मोहराची फवारणी भाड्याच्या ड्रोनने करून घेते, तुडतुडे आणि भुरीसाठी. पूर्वी पंप, दोनशे फूट पाइप आणि चार गडी, त्यातला एक कायम 'येतो येतो' म्हणून न येणारा. दहा लिटरची टाकी, भरल्या टाकीसकट २५ किलोच्या आत म्हणजे नियमांतल्या 'स्मॉल' वजनगटातला. कलमाच्या शेंड्यावरून दोन-तीन मीटरवर फिरतो. (औषध शेंड्याला छान बसतं, आतल्या फांद्यांना आणि पानाच्या खालून तेवढं लागत नाही, जुन्या मोठ्या झाडांना अजून गडीच लागतो, ते एक असो.)

तर त्या दिवशी फवारणी चालू असताना वरून दुसराच ड्रोन आला, छोटासा. शेजारच्या वाडीत लग्न होतं. आमचा पायलट बिचारा दोन्ही हात अडकलेले, डोळे झाडांवर आणि विजेच्या तारेवर, त्याला काही दिसलंच नाही. मीच बघितला. ओरडायचं कोणाला? नाव नाही, गाव नाही. तो माझ्या बागेवर घिरट्या घालून, बहुतेक 'कोकणातलं हिरवं सौंदर्य' घेऊन गेला निघून. आमचा वीस-पंचवीस किलोचा धूड आणि त्याचा तो चिमणीएवढा, वरून आमच्या पात्यात पडला असता तर? खाली कीटकनाशकाची टाकी आहे.

सगळे विमानाचं बोलतात. ड्रोनला ड्रोन कसा दिसायचा ते आधी सांगा.

सड्यावरचा
ताई देवगडला मी लग्नाचं काम घेत नाही, आधीच सांगून ठेवतो 😅

कोडिंगवाला चाकरमानी
हापूसवालीताई, त्यासाठीच रिमोट आयडी. गाडीची नंबरप्लेट समजा, फक्त रेडिओवरची. ड्रोन स्वतःचा नंबर, जागा, उंची आणि पायलट कुठे आहे ते सतत सांगत राहतो. अमेरिकेत मार्च २०२४ पासून त्याची पूर्ण अंमलबजावणी आहे. तिकडे हे ब्लूटूथ-वायफायवरून फेकतात, म्हणजे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्या मोबाईलवर दिसू शकतं. आपल्या ड्रोन रूल्समध्येही (२५ ऑगस्ट २०२१ चे) रिअल टाइम ट्रॅकिंग, जिओफेन्सिंग (ठरलेल्या हद्दीबाहेर ड्रोन जाऊच न देणं) आणि 'परवानगी नाही तर टेकऑफ नाही' या गोष्टी पुढे लागू करायच्या म्हणून लिहून ठेवल्यात.

बेरकी बगळा
'पुढे' हा फार सुंदर शब्द आहे. आमच्या पुलाचं काम पण पुढे आहे.

आणि साहेब, तुम्ही मुंबईत बसून सतत कळवा म्हणता, आमच्या घळीत मोबाईलला रेंज नाही. फोन लावायला वडाच्या पारावर चढावं लागतं. नेटवर चालणारी तुमची सिस्टीम आमच्या ड्रोनला कुठून दिसणार, आणि त्याला बाकीचे कुठून दिसणार?

कोडिंगवाला चाकरमानी
मान्य, एकशे एक टक्के. म्हणूनच मी ब्रॉडकास्टवाल्या पद्धतीच्या बाजूने आहे, तिला नेटवर्क लागत नाही. पण तिचा टप्पा कमी, काही शे मीटर ते फार तर किलोमीटरभर. हेलिकॉप्टर ताशी दोनशेने आलं तर किलोमीटर संपायला अठरा सेकंद.

विमानांमध्ये एडीएस-बी असतं ते १०९० मेगाहर्ट्झवर जागा सांगतं, आणि काही कॅमेरा ड्रोनमध्ये ते ऐकणारा रिसीव्हर असतो, जवळ विमान आलं की स्क्रीनवर वॉर्निंग. सड्यावरचा, तुझ्यात आहे का?

सड्यावरचा
आहे ना. काही वाजलं नाही. एकतर त्या हेलिकॉप्टरवर ते चालू नसेल नाहीतर माझंच सेटिंग. तेव्हापासून ठरवलंय, स्क्रीन गप्प आहे म्हणजे आकाश मोकळं असं धरायचं नाही.

बाबल्या तांडेल
मी मालवणकडचो. लिहूक येत नाय जास्त, नातू टाइप करता.

आमच्या होडयेवर दोन वर्सामागे एक मुंबैचो पोरगो इललो, मासेमारीचो व्हिडिओ करूक. होडयेवरसून ड्रोन सोडल्यान. आमी जाळा ओढित ओढित फुडे गेलो, वाऱ्यान पण ढकलल्यान. बॅटरी संपाक इली तसो ड्रोन आपसूक परत येवक लागलो, पण खय? जयसून उडललो थयसर! थय होडी खय होती, नुसता पानी. आमच्या डोळ्यांफुडे, अर्ध्या मैलावर, शिस्तीत, हळूहळू, गालीच्यावर उतरल्यासारखो पान्यात उतरलो. पोरगो रडाक इललो. मी म्हटलंय, बाबा, समुद्रात घर बांधूक नये.

दुसरी गोस्ट. जेटीवर मासळी कापतत तेव्हा घारी असतत शंबर. थयसर ड्रोन उडवू नकात. ब्राह्मणी घार तेका सोडित नाय, आणि समुद्र गरुडाचा घरटा जवळ आसला तर विचारूच नको. आकाशात पयलो हक्क तेंचो.

हापूसवाली
बाबल्याकाका, 'समुद्रात घर बांधूक नये' 😂 नातवाला सांगा रोज लिहीत जा.

सड्यावरचा
काका बरोबर. याला होम पॉइंट म्हणतात, होडीवरून उडवताना तो सारखा कंट्रोलरच्या जागेला अपडेट करायचा असतो. शिवाय ट्रॉलरच्या लोखंडी डेकवर कंपास बिघडतो, त्यामुळे हातातून उडवून हातात पकडणारे असतात, बोटं सांभाळून.

डॉ. खाडीपल्याड
मी थोडा वेगळा सूर लावतो. तुम्ही सगळे ड्रोन म्हणजे कटकट या अंगाने बोलताय. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम केलेला माणूस आहे, खाडीच्या पल्याडची वस्ती समोर दिसते, दिव्यांसकट, आणि रस्त्याने जायचं तर वळसा पस्तीस किलोमीटर. खाडीतली फेरीबोट संध्याकाळी बंद. पावसाळ्यात सर्पदंश झाला की पेशंटला इकडे आणायचं की प्रतिविषाची इंजेक्शनं तिकडे न्यायची हा प्रश्न मी होडीवाल्याच्या मूडवर सोडवलेला आहे.

रवांडात २०१६ पासून रक्ताच्या पिशव्या ड्रोनने जातात. आपल्याकडे तेलंगणात सप्टेंबर २०२१ मध्ये विकाराबादला औषधं-लसींचा प्रयोग झाला, पुढच्याच महिन्यात मणिपूरला आयसीएमआरने लोकताक तळ्यातल्या बेटावर लस पोचवली. तळं काय आणि खाडी काय. मला कळत नाही की अडतंय कुठे.

टॉवरआजोबा
डॉक्टर, अडतं ते 'नजरेआड' या एका शब्दावर. सड्यावरच्याच्या ड्रोनला निदान खाली दोन डोळे आणि दोन कान होते, उशिरा का होईना. तुमचा औषधाचा ड्रोन खाडीच्या वळणापलीकडे गेला की त्याच्याजवळ बघणारं कोणी नाही. वैमानिकांचा शंभर वर्षांचा नियम एकच आहे, बघा आणि टाळा. ज्याला बघताच येत नाही तो टाळणार कसा? मग एकतर तेवढी हवा फक्त त्याच्यासाठी बंद ठेवायची, प्रयोगांमध्ये बहुतेक तेच करतात, नाहीतर ड्रोनला स्वतःचे डोळे-कान द्यायचे. ते रवांडात ड्रोन चालवणारे झिपलाइन कंपनीवाले आता ड्रोनवर मायक्रोफोन बसवतात, विमानाचा आवाज लांबून ऐकून ड्रोन आपोआप बाजूला होतो. मला ही कल्पना फार आवडली. माणूसही आधी ऐकतो, मग बघतो.

हवा बंद ठेवणं एक दिवस जमतं. रोज खाडीवरची हवा अडवून ठेवली तर बुडणाऱ्या होडीकडे निघालेल्या हेलिकॉप्टरने काय करायचं? आणि नियम स्पष्ट आहे, माणूस बसलेल्या विमानाला वाट द्यायची ती ड्रोनने. नेहमी.

डॉ. खाडीपल्याड
हं. म्हणजे औषध नेणाऱ्यालाही थांबावं लागणार. पटतंय, पण आवडत नाहीये.

पर्यटक नं १
एवढं टेन्शन कशाला? २५० ग्रॅमच्या आतला घ्या, त्याला काही नियमच नाही. मी तारकर्लीला बिनधास्त उडवतो.

सड्यावरचा
दादा हे सगळ्यात जास्त पसरलेलं चुकीचं ज्ञान आहे. २५० ग्रॅमपर्यंतचा म्हणजे नॅनो, त्याला पायलटचं सर्टिफिकेट लागत नाही. झोन सगळ्यांना सारखेच. आणि नेमकी तारकर्लीच निवडलीस! चिपी विमानतळ शेजारी आहे, ऑक्टोबर २०२१ पासून चालू. विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरमध्ये हिरवा म्हणजे फक्त २०० फूट, आणि त्याच्याही आत तर मॅप बघितल्याशिवाय बॅगेतून बाहेर काढू नकोस. किल्ल्यावर उडवत असशील तर पुरातत्त्व खात्याची परवानगी वेगळी.

टॉवरआजोबा
आणि लहान आहे म्हणून काही होत नाही हेही सोडून द्या. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसला वणवा पेटला होता, तेव्हा पाणी मारणाऱ्या विमानाच्या पंखाला एका हौशी माणसाचा छोटा कॅमेरा ड्रोन धडकला. पंखाला भोक पडलं, विमान उतरलं सुखरूप, पण आग जळत असताना जमिनीवर बसून राहिलं. त्या माणसाने ड्रोन दोन-अडीच किलोमीटर लांब नेला होता, त्याला तो दिसतही नव्हता. लंडनच्या गॅटविकला २०१८ च्या डिसेंबरात तर नुसत्या 'ड्रोन दिसला' या खबरांवर नाताळाच्या तोंडावर सुमारे हजार विमानांचा खोळंबा झाला.

पर्यटक नं १
ओके. मॅप बघितला. उडवत नाही 🙏

बेरकी बगळा
इतिहासात प्रथमच आंतरजालावर कोणीतरी ऐकलं. धागा इथेच फ्रेम करून लावा.

बाबल्या तांडेल
सरकारचे पण ड्रोन इलेत आता समुद्रार, जानेवारी २०२५ पासून, एलईडी दिवे लावन मासे मारणारे नि परराज्यातले ट्रॉलर बघूक. बरा झाला. पण आमका कोण सांगता काय, खयचो ड्रोन सरकारचो नि खयचो हौशी? दोनय वरसून मुंगेएवढेच दिसतत. आमच्या पोरांनी एकदा हौशी ड्रोनाक हात जोडल्यानी, कागद दाखवल्यानी, शेवटाक तो लग्नवालो निघालो.

हापूसवाली
काका मी मेले 😂😂 पण मुद्दा तोच की, मी जो विचारला तोच. कोण आहे ते कळत नाही.

सड्यावरचा
आता मी काय बदललं ते लिहितो, कोणाला उपयोग झाला तर. सड्यावरून समुद्राकडे जाणार असेन तर ॲपमध्ये कमाल उंची ३५ मीटरवर लॉक करतो. सड्याचे ८० आणि वरचे ३५, होतात ११५. शॉट थोडा कमी भारी येतो, क्लायंटला सांगतो हेच मिळेल. परत येण्याची ऑटोमॅटिक उंची पण तेवढीच, कारण सिग्नल तुटला की हे बेणं आपल्या मनाने वर चढतं. दुसरं म्हणजे होमस्टेवाल्याचा तोच मुलगा, त्याला दिवसाचे पैसे देतो, त्याचं काम फक्त समुद्राकडे बघायचं आणि ऐकायचं. स्क्रीनकडे बघायचं नाही. पहिल्या दिवशी तो दर दोन मिनिटांनी स्क्रीनकडेच बघत होता, साहजिक आहे.

आणि आवाज आला की काय करायचं, तर आता खाली नाही, आधी सड्याच्या दिशेने आत. कातळाला चिकटून सहसा कोणी हेलिकॉप्टर नेत नाही. सड्यावर आला की मग उतरवायचा.

टॉवरआजोबा
शाबास. खाली की आत, हे उडवायच्या आधी ठरवून ठेवायचं असतं, धडधड ऐकू आल्यावर नाही. एक विचारू का? सडा ८० मीटर हे तू अंदाजाने म्हणतोयस की मोजलंयस? पाच मीटरचा तर काठ ठेवलायस तू.

सड्यावरचा
मोजलं आजोबा. ड्रोननेच. टोकावरून उडवला, समुद्रावर नेला आणि सावकाश खाली उतरवत नेला. स्क्रीनवर शून्य आलं, मग उणे दहा, उणे पन्नास. उणे ७६ ला लाटांच्या चार-एक मीटर वर होता, तिथून पुढे धीर झाला नाही, पाण्यावर त्याचे खालचे सेन्सर गोंधळतात. म्हणून ८० धरले.

बाबल्या तांडेल
ता ठीक आसा. पण मोजलंस तेव्हा भरती होती काय सुकती?

सड्यावरचा
काका... ते बघितलंच नाही. उद्या परत जातो.